आबा पाण्यावर होते

आमच्या घरात एका जिवंत माणसाचं श्राद्ध होत असे. मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे, वाढवून सांगायची मला खोड आहे हे माझे मित्रच सांगतात. पण हे वाक्य जसंच्या तसं खरं आहे.

पितृपक्षात आम्ही सगळे बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या घराला कुलूप लावून जसोंडीला, आमच्या मूळ गावी जायचो. वडील शहरात मास्तर होते, शेती आजोबा बघत. पितरांची पानं मांडली जात आणि त्यांत एक पान आजोबांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं असे. घास छपरावर ठेवायचा, कावळ्याची वाट पाहायची. त्याच वेळी तो धाकटा भाऊ, म्हणजे आमचे आबा, केळीच्या मळ्यातून चालत येऊन ओट्याखाली उभे असत. कावळा शिवला की त्यांच्या नावाचं पान त्यांनाच मिळे. ते घेऊन ते मळ्यात जात. एकदा जाता जाता म्हणाले, "खीर झकास झाली, दादा. मेल्याचं सार्थक झालं." आजोबा हसले नाहीत. मी हसलो आणि वडिलांची चापट खाल्ली.

झालं होतं ते असं. पहिल्या महायुद्धात आबा सैन्यात गेले. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावचा एक जण बसऱ्याहून परत आला आणि त्याने सांगितलं, आबांची बोट बुडाली. आमच्याकडे देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. आजोबांनी तापीच्या घाटावर तो विधी केला, तेरावं घातलं, गावजेवण झालं. आबांच्या बायकोच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं. तिला आम्ही सगळे जिजी म्हणतो.

आणि दहाएक वर्षांनी आबा एका दुपारी वेशीतून आत आले.

भटजींनी पोथी उघडली. ज्याचा पुतळा जळला तो मेला. परत आला तर त्याने परत जन्मावं. तुपाच्या कुंडात बसवायचं, बारसं करायचं, नाव ठेवायचं, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तोवर त्याला पंगत नाही आणि पितरांतून त्याचं पान काढता येत नाही. हे ऐकून आजही माझं डोकं तापतं. पण खरी गंमत पुढे आहे. आबा तयार झाले. नाही म्हणाली ती जिजी.

"आधी सांगा इतकी वर्षं कुठी व्हते," ती म्हणाली. गाव जमलेलं होतं.

"पाण्यावर," आबा म्हणाले.

"लढाई कधीच सरली. दहा वर्षं पाण्यावर कोन ऱ्हायते? मासा हाये का?"

आबांनी मळ्याची वाट धरली. तेव्हापासून ते मळ्यातल्या झोपडीत आणि ती गावातल्या घरात. भाकरी रोज जाई, कुणाच्या तरी हाती. शब्द एकही जात नसे. मी जन्मलो, शाळा शिकलो, चळवळीत पडलो, आजोबा वारले, शेती बघायला आई जसोंडीला राहू लागली, आणि तेवढ्या सगळ्या काळात त्या दोघांत एक वाक्य झालं नाही. गावाचं म्हणणं ठरलेलं होतं: समुद्रबिमुद्र काही नाही, मुंबईत दुसरं घर केलं असणार, तिथल्या बाईने हाकललं तेव्हा हा आला. जिजीला पाट लावायचा आग्रह झाला होता, आमच्या जातीत विधवेला ते चालतं. तिने नकार दिला होता. कारण विचारलं तर सांगायची, "एक पाह्यला, तेवढा पुरे."

आता माझा संबंध. एकीकरणाची चळवळ जोरात होती. मराठी बोलणाऱ्यांचा एक प्रांत व्हावा आणि तापीकाठचा आमचा हा पट्टा त्यात जावा, यासाठी आम्ही घसा फोडत होतो. बुऱ्हाणपूरच्या शनवारा पेठेत सभा, रात्री खळ आणि कागद. विरोधक म्हणत, तुम्ही मराठीवाले इथे कालपरवा आलेले. मला चीड आली. ठरवलं, असं पत्रक काढायचं की तोंडं बंद झाली पाहिजेत: या मातीतला मराठी शेतकरी सातासमुद्रापार लढून आला, तेव्हा तुम्ही कुठे होता? नायक घरातच होता. मी मळ्यात गेलो.

आबा केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कोयत्याने काढत होते. साठी ओलांडलेली, पण वाकले की सरळ व्हायला वेळ लागत नसे.

"आबा, कुठे कुठे लढलात?"

"लढलो नाही. खेचरं सांभाळली."

"पण बोटीने गेलात ना?"

"हो."

"कुठे?"

"पाण्यावर," ते म्हणाले आणि पुढच्या बुंध्याकडे सरकले.

यावर पत्रक लिहून दाखवा कुणी. मी वैतागून गावात आलो आणि ओट्यावर बसून आईजवळ कुरकुरत होतो. जिजी आत ज्वारी पाखडत होती. सूप ठेवून बाहेर आली. कपाळ मोकळं, हात मोकळे.

"तू मुंबईले जाते ना त्या सभांसाठी?"

"जातो."

"तठी सरकारचे कागद असतीन. लढाईचे. कोन कोन्या बोटीत बसला, ते."

"असतील. पण जिजी, इतक्या वर्षांनी…"

"काढून आन. तो पाण्यावर व्हता का नव्हता, तेवढं मले सांग. हो तर हो, नाही तर नाही. मी मरायच्या आधी मले मालूम पडलं पाह्यजे, मी कोनाची बायको हाये. मंग तुले काय छापाचं ते छाप."

मी हो म्हणालो. मला वाटलं, एका दिवसाचं काम आहे.

मुंबईला मी त्याआधी दोनदा गेलो होतो, पण सभेच्या मंडपातून रेल्वेत आणि रेल्वेतून घरी. समुद्र बघायला सवड झाली नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. समुद्र बघणं हा मला सुटीवर आलेल्या शेठ लोकांचा छंद वाटे. या खेपेला चळवळीतल्या एका वकिलाची चिठ्ठी घेऊन मी सरकारी दप्तरखान्यात गेलो. दारावरच्या कारकुनाने माझी पिशवी उघडली, पत्रकांचा गठ्ठा बाहेर काढला.

"हे काय?"

"प्रांताची मागणी. तुम्ही मराठी आहात, वाचा."

"वाचलंय. माझ्या घरी मुलाने भिंतीवर चिकटवलंय. इथे नाही चालणार." त्याने गठ्ठा स्वतःच्या टेबलाखाली ढकलला. "जाताना घेऊन जा. आणि घोषणा द्यायच्या नाहीत. मागच्या महिन्यात एकाने दिल्या."

जुन्या लढाईची दप्तरं वरच्या मजल्यावर होती. मला वाटलं होतं माणसांच्या याद्या मिळतील, अकारविल्हे लावलेल्या. तसलं काही नव्हतं. याद्या बोटींच्या होत्या. एकेका बोटीची एकेक चळत, आणि त्यांत आधी जनावरं. प्रत्येक खेचराचा नंबर, रंग, उंची, कुठून विकत घेतलं, कोणत्या कप्प्यात उभं केलं. मग दाणा, गवत, पाणी. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, खेचरांबरोबर गेलेली माणसं. मी पहिल्या दिवशी नुसता रागाने जळत होतो. खेचर वाटेत मेलं तर कशाने मेलं ते चार ओळींत होतं. माणूस मेला तर एक फुली. हेच साम्राज्य आमच्या आजोबांच्या पिढीला मायबाप वाटत होतं!

माणसांची नावं साहेबाने ऐकली तशी लिहिलेली, एकाच नावाचे पंधरा जण. मी गावावरून शोधायचं ठरवलं. जसोंडी, तहसील बुऱ्हाणपूर, जिल्हा निमाड. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक नाही; ते लहानपणी चरकात गेलं होतं, ही खूण भरतीच्या वेळी नोंदली जाते असं वकिलांनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी, जेवायची सुटी व्हायच्या बेतात, मला जसोंडी दिसली.

कसं सांगू. जसोंडीला तेव्हा धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात बैल गुडघ्यापर्यंत रुततात. आमच्या गावाचं नाव मी तलाठ्याच्या कागदांपलीकडे कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं. आणि इथे, मुंबईच्या दप्तरखान्यात, एका बोटीच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत जसोंडी, करंगळीची खूण, आणि पुढे मुक्काम: बसरा. मी खुर्चीवरून उठलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ कुठल्याशा इनामाची कागदपत्रं उकरत होते, ते म्हणाले, "काय, सापडली का जमीन?" मी म्हटलं, "जमीन नाही हो. पाणी."

आबा खोटं बोलले नव्हते. एवढ्यावर माझं काम संपलं होतं. जिजीने "हो तर हो" एवढंच मागितलं होतं. पण मी पुढची चळत ओढली, उगीच, आणि तिच्यात पुन्हा जसोंडी. बसऱ्याहून मुंबई, रिकामी बोट आणि आजारी माणसं. पुढची: मुंबईहून एडन, एडनहून सुएझ. मग पुन्हा मुंबई. मग आफ्रिकेचा किनारा, मोंबासा. त्या फेरीतली बहुतेक खेचरं तिकडच्या माशीच्या चाव्याने मेली, तसा शेरा होता. मग पुन्हा बसरा. मग एक लांबलचक सफर, सुएझच्या कालव्यातून पार होऊन फ्रान्सपर्यंत, मार्सेलच्या बंदराला. आमच्या आबांनी फ्रान्सची जमीन पाहिली होती! ज्या माणसाला आम्ही मीठ आणायला बाजारात पाठवलं तर कुणी तरी बरोबर द्यायचो! मी आधी बोटांवर फेऱ्या मोजत होतो. मग मोजणं सोडलं. जनावरं नेणाऱ्या या माणसांना लढाईच्या ठिकाणी ठेवत नसत. पोचवा आणि परत फिरा, पुन्हा भरा आणि पुन्हा निघा. माग जसा एकाच कापडात इकडून तिकडे धोटा फेकतो, तसा हा माणूस समुद्रात फेकला जात होता. लढाई संपली तरी बसऱ्याला फौज होतीच आणि फौजेला खेचरं लागतच होती.

एका फाईलमध्ये बोटीवर खेचरं कशी न्यायची याचे नियम होते. तळमजल्यात दोन्ही बाजूंना कप्पे, तोंडं मधल्या वाटेकडे. आडवं व्हायला जागा नाही. सारी सफर जनावर उभं. वरून कापडाचे मोठे पोंगे सोडून खाली वारा घ्यायचा. माणसांनी पाळीपाळीने एकेक खेचर बाहेर काढून काथ्याच्या चटयांवरून फिरवायचं, नाही तर पाय जातात. वादळात माणसाने जनावराच्या तोंडाशी उभं राहायचं. कारण, असं लिहिलं होतं, ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकला तर ते लाथा झाडत नाही.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अंधारा तळमजला, डोक्यावर डेक, डेकवर लाटा, आणि माझे आबा, ज्यांच्या तोंडून आम्हाला दिवसाकाठी चार शब्द मिळत नाहीत, ते खेचरांच्या तोंडाशी उभे राहून बोलत आहेत. काय बोलत असतील? आपल्याच बोलीत बोलले असणार. ऑस्ट्रेलियाचं नाही तर अर्जेंटिनाचं खेचर, इंग्रजांची बोट, अरबांचा समुद्र, आणि त्यात आमच्या जसोंडीची बोली. आम्ही बुऱ्हाणपुरात मराठीची सीमा कुठवर जाते यावर भांडत होतो.

त्या संध्याकाळी मी समुद्रावर गेलो. लोक भेळ खात होते. मी पाण्यापाशी उभा राहिलो आणि मला पलीकडचा काठ शोधायची फार इच्छा झाली. तापीला असतो तसा. तो नाहीच हे डोळ्यांना पटायला वेळ लागला. पायाशी पाणी आलं तेव्हा मी चक्क मागे सरलो. पोलिसांच्या लाठीपुढे मी मागे सरलेलो नाही, हे नम्रपणे नोंदवतो.

बुडालेली बोटही सापडली. तिच्या यादीत जसोंडी होती, आणि त्या ओळीवर लाल शाईची रेघ. शेरा: ताप, उतरवला, मागून येणाऱ्या बोटीने पाठवा. त्याच्या वरची आणि खालची नावं तशीच, रेघेशिवाय. ती माणसं गेली. शेजारच्या गावच्या माणसाने रेघ पाहिली नव्हती, एवढंच. आजोबांनी पळसाची पानं आणली तेव्हा आबा कुठल्याशा बंदरातल्या तंबूत कुडकुडत पडले असणार.

मी सगळं उतरवून घेतलं, बोटीमागून बोट. वडिलांचा शाळेतला नकाशांचा मोठा ग्रंथ घेतला आणि जसोंडीला गेलो. आता माझ्याकडे एक नाही, दहा पत्रकांचा मजकूर होता. पण आधी जिजी.

ओट्यावर दुपारी मी वाचायला बसलो. ती समोर, गुडघे जवळ घेऊन. मी म्हटलं, "जिजी, हो. पाण्यावर होते."

तिने पदर नीट केला. मग म्हणाली, "वाच."

मी वाचत गेलो. प्रत्येक बंदराला ती थांबवायची.

"बसरा म्हनजे नागपूरएवढं लांब?"

"त्याच्या कितीतरी पुढे." मी नकाशा उघडला. "हे बघ, हा आपला देश. ही मुंबई. आणि हे इथे."

"हे निळं काय हाये सगळं?"

"पाणी."

"इतकं?" तिने तळहात त्या निळ्यावर ठेवला. तो पुरला नाही. "एवढ्यात रस्ता कसा सापडते?"

मी घाईने मार्सेल दाखवलं, सुएझ दाखवला, तळमजला, कापडी पोंगे, वादळातला नियम. आई कामं टाकून दारात उभी होती. जिजीचा चेहरा मला कळत नव्हता. मला वाटलं, ती आनंदाने रडेल. मी सभांत वाक्यावर थांबून टाळीची वाट बघायला शिकलो आहे, तसा थांबलो.

"मुंबईले बोट घडीघडी येत व्हती तं," ती म्हणाली.

"हो."

"मुंबई आन बुऱ्हानपूर एकाच लायनीवर हाये. रातच्याले बसलं का सकाळी घरी. तू येत नाही का?"

खरं सांगतो, इतके दिवस मी ते कागद चिवडत होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी सगळा वेळ समुद्राकडे बघत होतो. ती बंदराकडे बघत होती.

"कागदात काही हाये का त्याचं? का फकत खेचराचंच हाये?"

मी माझे कागद चाळले. शेऱ्यांचा रकाना मी उतरवून घेतला होता, पण धड वाचला नव्हता. आता बोट ठेवून वाचू लागलो. मुंबई: घरी जाण्यास रजा मागितली, नाकारली, पुढच्या बोटीवर गरज. मुंबई: रजा मागितली, नाकारली. मुंबई: रजा मागितली, वरिष्ठांपुढे उभा केला, नाकारली. पुढच्या फेरीला तेच.

"मांगत व्हता," जिजी म्हणाली. आवाज इतका बारीक की आईला दारात ऐकू गेला नसावा.

"हो. दर वेळी."

"आन मंग?"

मग बोट बुडाल्यानंतरच्या दोन फेऱ्यांना पुन्हा मागितली होती. आणि त्यानंतर रकाना कोरा. एकदम कोरा. एका फेरीच्या शेवटी तर उलटाच शेरा: रजा देऊ केली, घेतली नाही, स्वखुशीने पुन्हा नाव दिलं.

हे वाचायचं की नाही, असा विचार माझ्या मनात आला. पण जिजीचे डोळे माझ्या बोटावर होते, आणि बोट थांबलं होतं.

मी वाचलं.

ती उठली. "चाल," म्हणाली.

"कुठे?"

"कागद बोलते तितकं बोललं. आता जो जित्ता हाये त्याले इचारते."

मळ्याच्या वाटेवर ती माझ्या पुढे चालत होती. बांधावरून जाताना दोन बाया पाहून थबकल्या. जिजी मळ्याच्या दिशेने कधी जात नसे, हे साऱ्या गावाला माहीत होतं. आबा पाण्याच्या चारीत उतरून माती ओढत होते. तिला पाहून फावडं हातातच राहिलं.

तिने काही प्रस्तावना केली नाही. "रजा मांगनं बंद कायले केलं?"

तीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या काखेतल्या कागदांकडे. कुठून आलं असेल ते त्यांना कळलं असावं. ते चारीतून वर आले, पाय पुसले, आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं एवढं बोलले.

मुंबईच्या गोदीत रुईच्या गाठी उचलायला शनवाऱ्याचा एक जण होता. त्याने आबांना पाहिलं आणि हातातली गाठ सोडली. म्हणाला, तू तर मेला. तापीवर तुह्यं सगळं झालं. मी तेराव्याले जेवलो. गोडाले दराबा व्हता पंगतीत, चांगला झाल्ता.

"मी म्हटलं, बायको?" आबा सांगत होते. "तो म्हने, मले काय मालूम, पाट लावला असंन, तरनी हाये. मंग मी इचार केला. मी गेलो तं दोन घरं मोडतीन. मेलो तं मेलो. बोटीवर कोनी पुसत नव्हतं, जित्ता का मेला."

"आन आले कायले मंग?"

"लय वर्षांनी बसऱ्याच्या डेपोत खान्देशातला एक भेटला. त्याच्या बहिनीचं सासर जसोंडीचं. तो म्हने, ती तशीच हाये. त्याच बोटीनं निघालो."

"मंग आल्यावर सांगाले जीभ नव्हती? साऱ्या गावात मी इचारलं तुमाले!"

"गावातच इचारलं ना," आबा म्हणाले. "दादा उभा व्हता तठी. त्यानंच अग्नी देल्ला व्हता, त्यानंच जेवन घातलं. साऱ्या गावासमोर त्याले कसं म्हनू, का तू मले जित्ता जाळला म्हनून मी आलो नाही?"

"दादा गेले त्याले किती वर्षं झाली?"

"तू बोलत नव्हती."

"तुमी सांगत नव्हते म्हनून मी बोलत नव्हती!"

केळीच्या पानांत वारा शिरून फडफड झाली. मला भटजी आठवले, पोथी आठवली, आजोबांचा कोरडा चेहरा आठवला. त्या विधीने आबांना परत येऊ दिलं नाही, आणि ते परत का आले नाहीत म्हणून आम्ही तीस वर्षं त्यांनाच दोष देत होतो. माझ्या घशाशी सभेतलं भाषण आलं होतं. त्याला तिथे कुणी विचारत नव्हतं.

जिजी बांधावर बसली. चारीतल्या पाण्याकडे बघत होती. मी म्हटलं, "जिजी, भटजींना बोलावू? ते तुपाचं कुंड वगैरे म्हणतात ते…" मला काय झालं होतं कोण जाणे, मी, विधींविरुद्ध पत्रकं काढणारा!

"तूप कायले नासता," ती म्हणाली. "इतक्या पान्यात इतकी वर्षं भिजला. अजून किती धुवाचा?"

आबा हसले. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तिने आबांकडे तोंड केलं. रागाचा आवाज गेला होता, लहान पोरीने विचारावं तसं तिने विचारलं, "ते पानी, कुठीवरी दिसते?"

"दिसते तठवरी पानीच. वरतं आभाय, खाली पानी. मधी काही नाही."

"भेव नाही वाटत?"

"पयल्यांदा वाटलं. मंग खेचरं भेतात ना, तं मानसाले भ्याले टाइम भेटत नाही."

"बोट हालते तं खेचरं वकतात का?"

"खेचराले वकता येतच नाही," आबा म्हणाले. "पोटात आग झाली तरी उभंच ऱ्हायते. वकते फकत मानूस."

"तुमी वकले?"

"एडनवरी."

तिने नकाशाचा ग्रंथ माझ्या हातातून ओढून घेतला, बांधावर उघडा टाकला, आणि आबांना म्हणाली, "एडन कुठी हाये यात, दाखवा." आबा तिच्याजवळ बसले. त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्यांनी नकाशा थोडा फिरवला, जमिनीच्या कडा क्षणभर न्याहाळल्या, आणि करंगळीचं टोक नसलेला तो हात आढेवेढे न घेता मुंबईवर ठेवून निळ्यातून पश्चिमेला न्यायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी शनवाऱ्यात माझी सभा होती. भाषण माझंच पहिलं होतं. मी मळ्याच्या कडेला उभा राहून ते बोट बघत राहिलो. ते एडनला पोचलं, थांबलं, आणि जिजी म्हणाली, "पुढी?"